नाइलाजाने निर्दोष

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये किंग स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट शेजारी शेजारी आहेत. या जोडीतल्या राजाच्या रस्त्यावर १९७७ साली व्हर्जिनचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्याच्या काचेत लावलेल्या एका पिवळ्या-गुलाबी मुखपृष्ठापायी दुकानाच्या मॅनेजरला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या रस्त्यावरून आठवड्यातून दोनदा तरी माझं जाणं होतं. गेल्या २८ ऑक्टोबरला मुद्दाम गेले, कारण त्या दिवशी सेक्स पिस्टल्स या पंक बॅन्डच्या ‘नेव्हर माइंड द बॉलक्स, हिअर्स द सेक्स पिस्टल्स’ या रेकॉर्डला ४८ वर्षं झाली. ४८ हा काही साजरा करायचा आकडा नाही. पन्नाशी २०२७ साली येईल आणि तेव्हा सगळेच लिहितील, म्हणून मी आत्ताच लिहून टाकते.

मी ही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली १९९६ साली पुण्याच्या होस्टेलवर, कॉपीची कॉपी केलेल्या कॅसेटवर. वर निळ्या पेनने नुसतं ‘एस. पी.’ लिहिलेलं. सुट्टीत ती कॅसेट मिरजेला नेली, तेव्हा मामाने एस. पी. बालसुब्रमण्यम समजून लावली. ‘हम आपके हैं कौन’मधलं काहीतरी कानावर पडेल अशा तयारीने बसलेल्या माणसाच्या कानात पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटनचा आवाज गेला. मामा मिनिटभर ऐकत राहिला आणि म्हणाला, “याचं पोट दुखतंय काय गं?”

हा मामा मिरजेच्या कोर्टात कारकून होता. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण बोलताना अजून ‘सबब’ आणि ‘हरकत’ सुटत नाही. गेल्या मार्चपासून आमचं जे भांडण चाललं आहे, त्यात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आधी नॉटिंगहॅमची हकिकत सांगते. ‘बॉलक्स’चा एक अर्थ वृषण आणि दुसरा अर्थ निव्वळ बकवास. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाने वापरलेला आहे: ‘घंटा’. तर ही ‘घंटा’ दुकानाच्या काचेत टांगली म्हणून मॅनेजरवर १८८९ सालच्या अश्लील जाहिरात कायद्याखाली खटला भरला गेला. गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींसारख्या गोष्टींसाठी केलेला तो कायदा. बचावाला उभे राहिले वकील जॉन मॉर्टिमर. त्यांनी साक्षीला बोलावले नॉटिंगहॅम विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली. कवी रॉबर्ट बर्न्सच्या काव्याचे संपादक म्हणून त्यांचं नाव होतं. किन्स्लींनी शांतपणे सांगितलं, की हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे, एके काळी तो पाद्र्यांचं टोपणनाव होता, आणि पाद्री प्रवचनात जे बोलत त्यावरून त्याला ‘बकवास’ हा अर्थ चिकटला. गंमत अशी की किन्स्ली स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री होते. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकाराने कोर्टात उभं राहून “घंटा देवळात असते, साहेब” असं सांगावं, तसाच प्रकार. मॉर्टिमर यांचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. हेच मुखपृष्ठ वर्तमानपत्रांनीही छापलं होतं, मग खटला एकट्या दुकानावर का?

२४ नोव्हेंबर १९७७ला निकाल लागला. रेकॉर्ड बाजारात आल्यापासून निकालापर्यंत २७ दिवस. दंडाधिकारी मंडळाच्या अध्यक्षांनी आधी आरोपीला आणि त्याच्या कंपनीला चांगलं झापलं. नफ्यासाठी माणसाच्या हीन प्रवृत्तींचा बाजार मांडल्याबद्दल आमच्या मनात निखळ तिरस्कार आहे, असं म्हणाले. आणि तरीही, नाइलाजाने, चारही आरोपांतून निर्दोष सोडलं.

या ‘नाइलाजाने’वर माझा जीव आहे. रेकॉर्डवर जेवढा आहे तेवढाच.

आता मामाबरोबरच्या भांडणाकडे येते. २३ मार्च २०२५ला मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. तिथे कुणाल कामराने एकनाथ शिंद्यांवर विडंबनगीत म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन आली. बांधकाम अनधिकृत असल्याचा शोध नेमका त्या सकाळी लागला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मामाने लिहिलं, “तोडफोड चूकच. पण त्याला तसं म्हणायची गरज होती का?”

‘गरज होती का’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकते आहे. एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुणाने खोक्यांवर रॅप केलं, त्यात कुठल्याही पक्षाचं नाव घेतलं नाही, तरी अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तेव्हाही ग्रुपवर हेच होतं. गाणं बरं आहे का, शब्द सभ्य आहेत का, याच्याऐवजी दुसऱ्या पक्षावर केलं असतं का, आणि शेवटी: गरज होती का? माझ्या बाजूचे लोकही याच मैदानात उतरतात. कामरा किती हुशार, रॅप किती दमदार. म्हणजे गाणं चांगलं ठरलं तर वाचवायचं. नॉटिंगहॅमच्या त्या तीन-चार माणसांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांचं उत्तर होतं, मुळीच गरज नव्हती. आणि त्या उत्तराचा निकालाशी संबंध नाही, हेही त्यांना कळत होतं. आपल्याकडे दाद देणारे पुष्कळ आहेत आणि दगड मारणारेही. नाक मुरडून सोडून देणारा माणूस मात्र दिसत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं. मामाचं उत्तर आलं. “अगं, तिथं राणीवर गाणं केलं म्हणून सुरे चालले की. विसरलीस?”

नाही विसरले. मीच त्याला सांगितलं होतं. १९७७ हे एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाचं रौप्यमहोत्सवी वर्ष. मे महिन्यात पिस्टल्सचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ आलं. बीबीसीने बंदी घातली, मोठ्या दुकानांनी ठेवायचं नाकारलं, तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिला क्रमांक मुद्दाम हुकवला, असा संशय चाहत्यांना आजही आहे. मलाही आहे. ७ जूनला त्यांनी टेम्स नदीत भाड्याच्या बोटीवर कार्यक्रम केला. बोटीचं नाव ‘क्वीन एलिझाबेथ’. पोलिसांनी बोट धक्क्याला लावायला लावली आणि त्यांच्या मॅनेजरसह काही जणांना धरलं. त्याच महिन्यात रॉटनवर सुऱ्याने हल्ला झाला, ड्रमर पॉल कुकलाही मारहाण झाली. त्याआधीच्या डिसेंबरमध्ये गावोगावच्या नगरपालिकांनी दौऱ्याचे बहुतेक कार्यक्रम रद्द केले होते. वेल्समधल्या केरफिलीत कार्यक्रम झाला, पण थिएटरबाहेर गावकरी आणि धर्मोपदेशक नाताळची भजनं म्हणत उभे राहिले. ऑगस्ट १९७७मध्ये तर त्यांना खोट्या नावांनी चोरून दौरा करावा लागला. परवाने नाकारून गळा दाबायची कला मुंबई महापालिकेने इथूनच शिकली असावी. तेव्हा मामाचं म्हणणं बरोबर आहे. जमाव इथे होता आणि पालिकाही होती.

फरक निकालाच्या दिवशी दिसतो. वसंत दत्तात्रय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात पुन्हा छापून आली. पतित पावन संघटनेच्या कार्यकर्त्याने तक्रार केली आणि प्रकरण लातूरला उभं राहिलं. ते सर्वोच्च न्यायालयात संपलं २०१५च्या मे महिन्यात. खरं तर तेव्हाही संपलं नाही. लगेच माफी मागणारे प्रकाशक सुटले आणि कवीने खटल्याला सामोरं जावं, असं ठरलं. २१ वर्षांनंतर. न्यायालयाचं म्हणणं असं, की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले की अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते. एका बाजूला २७ दिवस आणि निर्दोष, दुसऱ्या बाजूला २१ वर्षं आणि आता खटला चालवा. मामाला हे आकडे पाठवले. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस त्यावर एवढंच म्हणाला, “तारखा आम्हीच लिहायचो बाई.”

रौप्यमहोत्सवाची आठवण निघालीच आहे म्हणून सांगते. राणीच्या उत्सवात इंग्लंडने ऐकलं ते आपण पाच वर्षं आधी वाचलं होतं. १५ ऑगस्ट १९७२, स्वातंत्र्याची २५ वर्षं, ‘साधना’चा विशेषांक आणि त्यात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’. दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारा दंड त्यांनी शेजारी शेजारी मांडले. महाराष्ट्र पेटला. ढाल्यांच्या हातात गिटार नव्हती, पण रागाचा पोत तोच होता आणि कारण कितीतरी मोठं. म्हणून कुणी ‘पंक ही गोऱ्यांची थेरं’ म्हणालं की मला हसू येतं. आपल्याकडे शिमग्यात बोंब मारायला पूर्वी परवाना लागत नव्हता.

इथे मला रेकॉर्डबद्दल थोडं बोलू द्या, कारण वादात गाणी मागे पडतात. पंक म्हणजे तीन सुरांची बोंबाबोंब, हे या रेकॉर्डपुरतं तरी खोटं आहे. निर्माता ख्रिस थॉमस हा पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या मिश्रणावर काम केलेला माणूस. सिड व्हिशसला बेस वाजवता येत नव्हता, म्हणून बहुतेक ठिकाणी बेसही गिटारवादक स्टीव्ह जोन्सनेच वाजवला. जोन्सने गिटारचे थरावर थर चढवले आहेत. त्या थरांतून एक अखंड गुणगुण उठते. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या वाऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानांना ती तंबोऱ्याच्या जवारीसारखी वाटते. ‘हॉलिडेज इन द सन’च्या सुरुवातीला कूच करणाऱ्या बुटांचा आवाज येतो, मग गिटारच्या थरांची ती भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीवर रॉटन नखं ओढत सुटतो. हे गोंधळ घालणाऱ्यांचं काम नाही. कुणीतरी तासन्‌तास कान लावून केलेलं आहे.

माझी नाराजीही आहे. व्हिशस स्वस्तिकाचा टी-शर्ट घालून मिरवायचा, वडीलधाऱ्यांना धक्का द्यायचा म्हणून. त्याच १९७७मध्ये नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष इंग्लंडच्या रस्त्यांवरून मोर्चे काढत होता आणि लंडनमध्ये ग्रनविकच्या कारखान्यासमोर जयाबेन देसाई आणि साडी नेसलेल्या कामगार बायका संपावर उभ्या होत्या. त्या बायकांच्या वाटेत हा टी-शर्ट आला असता तर त्यांना त्यातला विनोद समजला नसता. मलाही समजत नाही. आवडत्या रेकॉर्डमधला हा खडा मी ४८ काय, ५० वर्षांनीही चावणार आहे.

आणि बंडाचं पुढे काय होतं? २००८ साली रॉटनने लोण्याची जाहिरात केली. २०१५ साली व्हर्जिनच्याच बँकेने पिस्टल्सची मुखपृष्ठं क्रेडिट कार्डांवर छापली. ज्या मुखपृष्ठापायी खटला झाला ते लोकांच्या पाकिटात गेलं, व्याजासकट. बॅन्डमधले जुने मित्र एका मालिकेत गाणी वापरण्यावरून २०२१ साली एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले आणि रॉटन हरला.

इथवर वाचून ‘तिकडे बसून बोलायला काय जातं’ असं कुणी म्हणेल. माझ्या मावसभावाने म्हटलंच. माझं जातं ते सांगते. सप्टेंबर २०२२मध्ये राणी गेली, तेव्हा संसदेसमोर एका वकिलाने कोरा कागद धरला, तर पोलिसांनी त्याचं नाव-गाव विचारलं. ६ मे २०२३ला राज्याभिषेकाच्या सकाळी राजेशाहीविरोधी संघटनेच्या प्रमुखांना फलकांसकट उचलून दिवसभर डांबलं. नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला. आयर्लंडच्या नीकॅप या रॅप गटातल्या एकावर दहशतवादाच्या कायद्याखाली आरोप ठेवला, तो सप्टेंबर २०२५मध्ये कोर्टाने फेटाळला. कारण काय, तर आरोप मुदतीत दाखल झाला नव्हता. पुन्हा तोच रुक्ष, कागदी, बिनप्रेमाचा न्याय. त्यावर मी खूश होते. पण हे सगळं मी घरात बसून पाहिलं. नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगलं चारित्र्य’ तपासलं जातं आणि तेव्हा माझा अर्ज व्हायचा होता. एकदाही मोर्च्याला गेले नाही. ऑफिसात राजाचा विषय निघाला की मी चहा करायला उठायचे.

गेल्या आठवड्यात मामाशी व्हिडिओवर बोलताना हा लेख लिहिते आहे असं सांगितलं. मागे जिन्याच्या भिंतीवर ते पिवळं मुखपृष्ठ त्याला दिसलं. फ्रेम करून घेतलेलं, छान पॉलिश केलेलं.

“हेच काय ते?”

“हेच.”

“मग जिन्यात कशाला? रस्त्याकडच्या खिडकीत लाव की.”

मी म्हटलं, समोर शाळा आहे, लहान मुलं जातात येतात. मामा काही बोलला नाही, नुसता चष्मा पुसत राहिला.