संप नव्हता, टाळं होतं

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, म्हणजे खेळाडूच लबाड ना?" सोळा वर्षांचा मुलगा. रोज पहाटे साडेपाचला बास्केटबॉलच्या सरावाला जातो, खोलीच्या भिंतीवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, खेळाडूंचे फोटो लावलेत. त्याच्या ग्रुपवर तो मेसेज तीनदा आला म्हणे. अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमध्ये कराराचा वाद पेटला तेव्हापासून फिरतोय.

मेसेज असा: "२०११ मध्ये एनबीएच्या कोट्यधीश खेळाडूंनी संप करून सीझन बुडवला. मालक बिचारे वर्षाला ३० कोटी डॉलर तोट्यात होते. एक खेळाडू तर म्हणाला, मला कुटुंब पोसायचं आहे! यांच्या हावेपायी स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकणारे आणि झाडू मारणारे उपाशी राहिले. प्रेक्षकांनी कायमची पाठ फिरवली. आता बायकांनाही तेच वेड लागलंय."

पहिल्याच वाक्यातल्या 'संप' या शब्दापाशी मी अडकलो.

माझे वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपात ते होते, आणि पुढे त्यांच्या गिरणीला टाळं लागलं तेही त्यांनी पाहिलं. घरात कोणी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर ते हातातला घास ताटात ठेवून दुरुस्त करायचे. "काम आम्ही बंद केलं तर संप. दार मालकाने बंद केलं तर टाळेबंदी." १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातही दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या. करोनाच्या लॉकडाऊनला वर्तमानपत्रांनी टाळेबंदी म्हटलं आणि भाच्याच्या पिढीला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक राहिला. त्यामुळे 'संप' वाचल्यावर त्याला काही खटकलं नाही. मला खटकलं.

२०११ मध्ये एनबीएत संप झालाच नाही. २००५चा करार संपला आणि १ जुलै २०११ पासून मालकांनी टाळेबंदी केली. खेळाडूंना संघाच्या सराव केंद्रात पाऊल ठेवायची बंदी. प्रशिक्षकांना त्यांच्याशी बोलायची बंदी. संघांच्या वेबसाइटवरून खेळाडूंचे फोटोसुद्धा काढून टाकले. दार आतून लावून घ्यायचं आणि बाहेर उभ्या माणसाला 'कामावर का येत नाहीस' म्हणून विचारायचं, असा हा प्रकार. १९९५, १९९६ आणि १९९८ मध्येही टाळेबंदीच झाली होती. पगाराच्या वादात खेळाडूंनी संप केला म्हणून एनबीएचा एकही सामना आजवर रद्द झालेला नाही. संपाच्या सर्वांत जवळ ते गेले जानेवारी १९६४ मध्ये. बॉस्टनला ऑल-स्टार सामना, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, होता, टीव्हीवर प्रक्षेपण ठरलेलं, आणि खेळाडू पेन्शनचं आश्वासन मिळेपर्यंत ड्रेसिंग रूममधून बाहेर यायला तयार नव्हते. आश्वासन मिळालं आणि त्याच रात्री सामना झाला.

आणि सीझन बुडाला नाही. तडजोड २६ नोव्हेंबरला झाली, खेळ नाताळच्या दिवशी सुरू झाला, प्रत्येक संघाचे ८२ ऐवजी ६६ सामने झाले. पूर्ण सीझन गेला असं लिहिणाऱ्याने एकदा तपासायला काय हरकत होती?

आता पॉपकॉर्न विकणाऱ्यांचा मुद्दा. मला सर्वांत जास्त राग याचा आला, कारण यातलं दुःख खरं आहे आणि ते चुकीच्या माणसाच्या दारात नेऊन टाकलंय. प्रत्येक संघाचे घरचे ४१ सामने असतात, त्या वर्षी ३३ झाले. तिकीट तपासणारे, गाड्या लावणारे, खाद्यपदार्थांच्या काउंटरवर उभे राहणारे यांचं पोट सामन्यांच्या संख्येवर चालतं. आठ रात्रींची कमाई गेली, आणि दोन महिने उद्या काय होणार हे कोणी सांगेना. आसपासच्या हॉटेलांचंही तेच. पण ती दारं कोणी लावली होती? किल्ली कोणाकडे होती? खेळाडूंचा वाटा जुन्या करारात बास्केटबॉलच्या उत्पन्नाच्या ५७ टक्के होता. वाटाघाटीत ते ५४.३ वर आले, मग ५३ वर, मग ५२.५ वर. नोव्हेंबरात लीगचे प्रमुख, कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी मुदत घातली की पन्नास टक्क्यांच्या आसपास हो म्हणा, नाहीतर पुढचा प्रस्ताव ४७ टक्क्यांचा असेल. शेवटी ४९ ते ५१च्या पट्ट्यात मिटलं. मालकही आपल्या पहिल्या मागणीवरून खाली उतरले, हे मान्य. पण ती होती मागणी. हातात असलेलं सोडलं ते फक्त खेळाडूंनी. उत्पन्न तेव्हा वर्षाला ३८० कोटी डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे सोडलेले सहा-सात टक्के वर्षाला पंचवीस कोटी डॉलरच्या घरात जातात. इतकं सोडणाऱ्यांना हावरट म्हणायचं आणि दाराला टाळं लावणाऱ्यांना बिचारे? झाडू मारणाऱ्या माणसाचं नाव घेऊन हे लिहावं, याचा मला संताप येतो.

'तोट्यातले मालक' हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. लहान शहरांतले काही संघ खरोखर तोट्यात होते. पण ३० पैकी २२ संघ तोट्यात आणि लीगचा एकूण तोटा ३० कोटींचा, हे आकडे लीगचे स्वतःचे. जुलै २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आकडेतज्ज्ञ नेट सिल्व्हर यांनी 'फोर्ब्स' या उद्योगविषयक मासिकाचे आकडे घेऊन एका लेखात हिशेब मांडला. त्यात २००९-१० साली लीग एकूण १८ कोटी ३० लाख डॉलर नफ्यात दिसते. तोट्यातले संघ त्यांनाही सापडले, सतरा, पण बहुतेकांचा तोटा किरकोळ. ज्याला फक्त एकच गोष्ट वाचायची असेल त्याने तो लेख वाचावा.

आणि धंदा बुडीत असेल तर गिऱ्हाइकं रांग लावत नाहीत. गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१० मध्ये ४५ कोटी डॉलरला विकला गेला. घेणाऱ्यांच्या गटात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवेही होते. फिलाडेल्फियाचा संघ तर ऐन टाळेबंदीत, ऑक्टोबर २०११ मध्ये, नव्या मालकांनी २८ कोटींच्या आसपास देऊन घेतला. सामने होतील की नाही हे ठाऊक नसताना! २०१३ मध्ये त्याच रणदिवेंच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज घेतला तेव्हा संघाची किंमत ५३ कोटींच्या वर धरली गेली. २०१४ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सचे २०० कोटी मिळाले आणि लीगने नऊ वर्षांचा २,४०० कोटींचा टीव्ही करार केला. आमच्या गिरणीच्या मालकानेही तोट्याचाच आकडा दाखवला होता. जमिनीची किंमत त्यात नव्हती.

'कुटुंब पोसायचं आहे' हे वाक्य खरं आहे, पण ते लाट्रेल स्प्रीवेल या खेळाडूचं, २००४ मधलं. मिनेसोटाच्या संघाने देऊ केलेल्या कराराच्या मुदतवाढीबद्दल तो बोलत होता. तेव्हा टाळेबंदी नव्हती. २०११ मध्ये तो एनबीएत खेळतही नव्हता. हो, १९९८च्या टाळेबंदीत खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष पॅट्रिक युइंग 'आम्ही खूप कमावतो, पण खर्चही खूप करतो' अशा अर्थाचं बोलला होता. ते बोलायला नको होतं. त्या एका वाक्याने खेळाडूंचं जे नुकसान केलं ते कुठल्या मालकाला जमलं नसतं.

प्रेक्षकांनी पाठ फिरवली का? १९९९ मध्ये थोडी फिरवली. सीझन ५० सामन्यांवर आला होता आणि मायकेल जॉर्डननेही त्याच जानेवारीत निवृत्ती घेतली होती. २०११ नंतर मात्र, करोनाचा काळ सोडला तर, सामन्यागणिक सरासरी प्रेक्षक सतरा हजारांच्या वरच राहिले. टाळेबंदीतही लोकांना खेळ हवाच होता. १ ऑगस्टला एनबीएचा स्टार केव्हिन ड्युरंट न्यूयॉर्कच्या रकर पार्कमध्ये, उघड्या कोर्टवर, एक छदामही मानधन न घेता खेळला आणि ६६ गुण केले. लोक कुंपणाला चिकटून उभे होते. ज्या माणसाला फक्त पैसा हवा असतो तो सिमेंटच्या कोर्टवर गुडघे पणाला लावत नाही. भाच्याला मी सगळ्यात आधी याच सामन्याचा व्हिडिओ पाठवला.

राहिलं 'बायकांना लागलेलं वेड'. महिलांच्या त्या लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, २०२५ साली सर्वांत वरच्या श्रेणीतल्या खेळाडूचा पगार २,४९,२४४ डॉलर होता आणि किमान पगार ६६,०७९. त्याच वर्षी जूनमध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया ही नवी शहरं लीगमध्ये घेतल्याची घोषणा झाली. प्रवेशाची रक्कम प्रत्येकी २५ कोटी डॉलर. म्हणजे त्या वर्षीच्या सर्वांत महाग खेळाडूचे हजार वर्षांचे पगार एका शहराच्या प्रवेश फीमध्ये बसत होते. भाच्याने कॅल्क्युलेटरवर दोनदा भागाकार केला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत इंडियानापोलिसला ऑल-स्टार सामना होता. दोन्ही संघांच्या खेळाडू 'आमचं देणं आम्हाला द्या' असं लिहिलेले काळे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या. मग टी-शर्ट काढले आणि पूर्ण सामना खेळल्या.