संमोहनाने दुखणं उतरलं म्हणून ते खोटं ठरत नाही

मागच्या आठवड्यात लग्नाच्या पंगतीत एक नात्यातली बाई चारचौघांत म्हणाली, "डोळे मिटून उतरते म्हंजे दुखणं मनातलंच होतं ना वं तुह्यं?" भरल्या ताटावर काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले. आज लिहिते.

2006 मध्ये आपल्याकडे चिकुनगुन्या आला होता. घराघरात माणसं भिंतीला धरून चालत होती. बाकीचे हळूहळू सावरले, मी नाही. सकाळी उठावं तर रात्रभर कोणी कुटून काढल्यासारखं अंग. कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला लागले की दोन तासांत मान, खांदे पेटायचे. रक्त, थायरॉईड, एक्स-रे, सगळं नॉर्मल. एका दवाखान्यात माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला सांगितलं, "कामाचा कंटाळा आहे यांना." त्या रात्री मी जेवले नाही. मग सलाईनच्या बाटल्या झाल्या, भगताचा दोरा झाला. नऊ वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. हा आजार रक्तात दिसत नाही. साध्या दाबालाही मेंदू आणि मज्जासंस्था दुखणं म्हणून धरतात. त्यांनीच गोळ्यांसोबत मानसोपचाराकडे, तिथून संमोहनाकडे पाठवलं.

सासूबाई घाबरल्या. "काय वं, वशीकरण करते काय तो?" तसं काही नसतं. मी खुर्चीत होते, बाहेर ऑटोचा हॉर्न ऐकू येत होता, मनात आलं असतं तर उठून आले असते. संमोहन करणाऱ्यांनी विचारलं, थंड, शांत अशी तुमची जागा कोणती? मी म्हटलं, माहेरची विहीर. मग त्यांच्या आवाजासोबत मी एकेक पायरी उतरले. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला. बोटं गार पडली, मग जड, मग बधिर. तो बधिर हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवायचा आणि बधिरपणा तिथे उतरू द्यायचा. पहिल्या दोन वेळा काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी खांदा सैल पडला आणि मी रडले. इतक्या वर्षांत तो सैल असतो कसा हेच विसरले होते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. सोयाबीन सोंगताना विळा लागतो, कामाच्या नादात कळतही नाही आणि घरी हात धुताना रक्त दिसतं, हे आपल्यातल्या कोणाला नवीन आहे? जखम तर खरीच असते ना? 1997 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी लोकांचे हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवले आणि संमोहनात त्रास कमी-जास्त वाटेल अशा सूचना दिल्या. पाणी तेच होतं, तरी मेंदूचा त्रास जाणवणारा भाग सूचनेप्रमाणे बदललेला स्कॅनमध्ये दिसला. आपल्याच देशात, बंगालमध्ये हुगळीला, जेम्स एस्डेल नावाच्या सर्जनने 1845 पासून याच जातीच्या उपायाने मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. भूल द्यायचं औषध अजून आलं नव्हतं. त्या रोग्यांच्या गाठी काही मनातल्या नव्हत्या.

पण हा चमत्कार नाही, हेही तितक्याच कळकळीने सांगते. दुखणं उतरलं म्हणून मी एकदा दिवसभर वेचणीला गेले आणि पुढचे चार दिवस खाटेवर काढले. संमोहनाने दुखणं ढिलं होतं, अंगात ताकद येत नाही. आज जेवढा जोर आहे त्यातला थोडा उद्यासाठी ठेवावाच लागतो. सगळ्यांना सारखा गुणही येत नाही. आणि बायांनो, आधी तपासण्या करा. रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे, त्याची कळ उठली तर विहीर नाही, दवाखाना गाठा. ज्यांना भास होतात त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. नुसत्या पाटीवर भुलू नका, शिक्षण काय झालं ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची सरकारी नोंदणी असते, ती बघायला मागा. "तीन बैठकांत मुळासकट बरं करतो" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

माझं दुखणं गेलेलं नाही. पावसाळी हवेत अजून उठतं. पण गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी झाल्या आणि रात्री कूस बदलताना जाग येत नाही.

दुपारी दोनला मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावून वीस मिनिटं पडते. सासूबाई दार लोटून घेतात आणि ओट्यावर बसतात. कोणी आलं की हळूच सांगतात, "थांब जराशी, थे विहिरीवर गेली हाये."