दार उघडणारी माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकाजी,

अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराच्या बाल्बोआ पार्कात निरनिराळ्या देशांची छोटी सांस्कृतिक घरं आहेत, ती त्या त्या समाजाचे स्वयंसेवक चालवतात. त्यांच्यावर लेख लिहून, आपल्या नागपुरातही एखाद्या बागेत अशी जागा असावी, असं मी म्हटलं होतं. त्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी सावकाश, दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गाभा इथे देते. तुम्ही म्हणता : "परदेशात गेलं की माणसाला तिथलं सगळं सोन्याचं दिसतं. पंचवीस-तीस देशांचे झेंडे लावून चहा-बिस्किटं दिली म्हणजे संस्कृती होत नाही, तो आनंदमेळा झाला. स्वयंसेवक म्हणजे फुकटात राबवून घेतलेली माणसं. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी पैशावर चालणारं सांस्कृतिक केंद्र आहे, ते कमी आहे का? आणि दिव्या-पंख्यांचं बिल कोण भरणार?"

मानधनापासून सुरुवात करते, कारण तुमची खरी ठणक तिथे आहे. तुम्ही कित्येक वर्षं तबल्याची साथ केलीत आणि "पैशाचं नंतर बघू, कार्यक्रम आपलाच आहे" हे ऐकत आलात. त्या वागणुकीची बाजू मी घेणार नाही. कलावंताचं मानधन आधी ठरलेलं असावं आणि कार्यक्रम संपताच हातात पडावं. पण मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं वेगळं काम करतात. शनिवार-रविवारी दुपारी येऊन दार उघडायचं, केटली चढवायची, आलेल्याला भिंतीवरचं काय आहे ते सांगायचं, कपबशा विसळायच्या आणि संध्याकाळच्या आत कुलूप लावून घरी जायचं. आठवडाभर ती आपापल्या नोकऱ्या करतात, काही निवृत्त आहेत. हेच काम पगारी माणसाला दिलं तर घरं रोज उघडी राहतील, हे मला मान्य आहे. मी गेले तेव्हा काही दारांना कुलूप होतं आणि मलाही ते खटकलं. तरी पगारी माणूस मला जे देऊ शकला नसता ते तिथे मिळालं, आणि लेख लिहावासा वाटला तो त्यामुळेच.

हंगेरीच्या घरात एक वयस्क बाई होत्या. टेबलावरच्या कापडावर लाल-निळ्या फुलांचं भरतकाम होतं. ते कलोचा भागातलं, आईच्या हातचं, असं त्यांनी सांगितलं. मग लगेच मला विचारलं, तुमच्या गावाकडे लग्नात मुलीला काय नेसवतात? मी भंडाऱ्याकडच्या टसरबद्दल सांगितलं, आमच्या कोष्टी विणकरांबद्दल सांगितलं, कोशापासून सूत कसं काढतात तेही जमेल तसं हातवारे करून सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला आणि "टसर" कसं लिहायचं ते माझ्याकडून लिहून घेतलं. पाहुणी म्हणून आत गेलेली मी दहा मिनिटांत माझ्या गावाची बाजू सांगत बसले होते. संग्रहालयातला रखवालदार मला हा प्रश्न विचारणार नाही. तो विचारायला दारात बसलेल्या माणसाचं स्वतःचं काहीतरी त्या खोलीत असावं लागतं.

आनंदमेळ्याचा आक्षेपही मी नुसता झटकून टाकत नाही, कारण वरवर पाहिलं तर ते तसंच दिसतं. पण ही घरं कालपरवाची नाहीत. 1935 साली बाल्बोआ पार्कात मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्यासाठी ही छोटी छोटी घरं बांधली. प्रदर्शन संपलं की तंबू उठतात, मांडव निघतो. इथे घरं राहिली आणि त्या त्या समाजाच्या लोकांनी ती चालवायला घेतली. त्यानंतर महायुद्ध झालं, युरोपचे नकाशे बदलले, तरी एका हिरवळीभोवतीची ही वस्ती टिकली. वर्षातला बराच काळ रविवारी दुपारी त्या हिरवळीवर एकेका घराचा कार्यक्रम असतो. त्या दिवशी नाच, गाणं आणि खाणं त्या घराचं, आणि बाकीच्या घरांतली माणसं समोर खुर्च्या टाकून बसतात. प्रवेशाला पैसे नाहीत. संस्थेचा नियम असा की धर्मप्रचार आणि राजकारण इथे आणायचं नाही. जगात कुठेतरी दोन देश एकमेकांवर बंदुका रोखून उभे असताना त्यांची घरं इथे एकाच हिरवळीवर असू शकतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना नळ एकच वापरावा लागतो. मी तर याला फार मोलाचं समजते.

"प्रत्येकाचं वेगळं घर म्हणजे वेगळी चूल" असंही तुम्ही लिहिलंत. खरं तर सगळ्यांना वेगळं घर मिळतच नाही. बऱ्याच गटांना एका सामायिक दालनात पाळीपाळीने वावरावं लागतं. भारताचं स्वतंत्र घरसुद्धा अगदी अलीकडचं, नव्या बांधकामातलं आहे. इतकी वर्षं स्वतःचं छप्पर नसताना लोक टिकून राहिले, ते झेंडा लावायच्या हौसेपायी नक्कीच नव्हे.

त्याच बागेच्या पार्क बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्याकडच्या बाजूला मी आणखी दोन जागा पाहिल्या. मूळ लेखात त्यांच्यावर चारच ओळी आल्या, त्या इथे वाढवते. दोन्ही जुन्या, गोल, प्रचंड पाण्याच्या टाक्या. शहराला त्यांची गरज उरली नाही. एकीत आज चिकानो (म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या), मेक्सिकन आणि आदिवासी कलेचं केंद्र आहे, सेंत्रो कुल्तुराल दे ला रासा. 1970 च्या सुमारास तिथल्या चिकानो कलावंतांनी जागेसाठी शहराशी झगडून ते उभं केलं. दुसरीत वर्ल्डबीट सेंटर आहे, आफ्रिकी आणि इतर मूलनिवासी परंपरांचं. दोन्हींच्या बाहेरच्या गोल भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. मला त्या भिंतींपुढे आपली अंबाझरी आठवली. तोही तलाव एकेकाळी शहराला पाणी पाजण्यासाठीच होता आणि आज लोक तिथे फिरायला जातात. जागेचं पहिलं काम संपलं की दुसरं काम कुणाच्या हातात द्यायचं, हा निर्णय प्रत्येक शहराला घ्यावा लागतो. बाल्बोआ पार्कात जमीन आणि छप्पर शहराचं, वेळ लोकांचा, अशी विभागणी झाली. यातलं पहिलं नसेल तर दुसरं फार दिवस टिकत नाही. म्हणून "लोक फुकट करतायत, मग महापालिकेनं हात झटकावेत" असा अर्थ कुणी काढला तर मी तुमच्या बाजूने भांडेन.

आता आपलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. ते 1986 पासून नागपुरात आहे, देशातल्या सात क्षेत्रीय केंद्रांपैकी एक, आणि त्याचा मला अभिमान आहे. तिथल्या मेळ्यात मी छत्तीसगडचा पंथी नाच पाहिला, तेलंगणातले वादक ऐकले. लांबच्या गावातल्या कलावंताला बोलावणं, त्याचा प्रवासखर्च आणि मानधन देणं हे सरकारी केंद्रानेच करावं. स्वयंसेवकांना ते झेपणार नाही. पण तिथे मी तिकीट काढून किंवा पास मिळवून प्रेक्षकांत बसते, आणि कलावंत रात्रीच्या गाडीने परत जातो. मी ज्या जागेबद्दल बोलते तिथे माझ्याच शहरातला, चार गल्ल्या पलीकडचा माणूस दार उघडतो.

आणि अशी माणसं नागपुरात किती आहेत! गोंड राजा बख्त बुलंदने वसवलेलं हे शहर, त्यामुळे पहिलं घर गोंडी भाषेचं असावं, असं मला मनापासून वाटतं. रेल्वे, कचेऱ्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या निमित्ताने बंगाली आले, धंतोलीची दुर्गापूजा आपण सगळेच बघायला जातो. फाळणीनंतर सिंधी जरीपटक्यात वसले. तेलुगू आहेत, तमिळ आणि मल्याळी आहेत, इतवारीत बोहरा आहेत, छत्तीसगडहून बांधकामावर आलेली कुटुंबं आहेत. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो, हिंदी आणि मराठी दोन्ही इथे घरच्याच. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यामुळे आजही दरवर्षी देशभरातून लोक इथे येतात. आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे तिबेटी! त्यांच्याशी आपण भाव करतो, पण त्यांची वसाहत आपल्याच विदर्भात, गोठणगावला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? या प्रत्येकाचं मंडळ आहे, समाजभवन आहे, सणाला फुकट राबणारी पोरं आहेत. म्हणजे तुम्ही ज्याला फुकटात राबवलेला म्हणता तो वेळ देणारा माणूस आपल्याकडे आधीच आहे. फक्त प्रत्येकाचं दार आपापल्या वस्तीत उघडतं. धंतोलीतला मुलगा जरीपटक्यातल्या घरात सहज डोकावू शकेल असं समान अंगण नाही, आणि ते बागेत असावं असं मी म्हणते, कारण बागेत जायला कुणाला आमंत्रण लागत नाही.

राहिला बिलाचा प्रश्न. बाल्बोआ पार्कात घरं सभासदांच्या वर्गणीवर, देणगीपेटीवर आणि खाद्यमेळ्यातल्या विक्रीवर आपला खर्च भागवतात. वर्गणी गोळा करणं आपल्या मंडळांना शिकवावं लागणार नाही. जमाखर्च मात्र दारावर लावलेला असावा, दर महिन्याचा, सगळ्यांना वाचता येईल असा.

मला त्याहून अवघड वाटतो तो किल्लीचा प्रश्न. एका समाजाच्या हाती किल्ली राहिली की दोन वर्षांत जागा त्या समाजाची होते. म्हणून माझ्या मते सुरुवातीला वेगळी घरं नकोतच. धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कसारख्या वर्दळीच्या बागेत दोन खोल्या आणि एक ओटा पुरे. किल्ली दर महिन्याला पुढच्या मंडळाकडे जावी आणि ती देताना दोन्ही मंडळांनी वहीत सही करावी. तुम्ही मंडळं आतून पाहिली आहेत. महिना पुरेसा आहे की तीन महिन्यांची पाळी ठेवावी, आणि भांडण झालं तर निकाल कुणी द्यावा, हे तुमच्याकडून मला ऐकायचं आहे.