आधी ब्रेक मारायची टेस्ट घ्या!

काय चाललंय हे? कित्येक ठिकाणी बाइकच्या लायसन्सची टेस्ट म्हणजे मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरवर आठचा आकडा काढायचा, पाय टेकला नाही की पास, आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा हायवेला ट्रकच्या शेजारून ऐंशीने चाललेला! त्याला कोणी विचारलं का, समोर अचानक कोणी आडवं आलं तर काय करशील? बाइक थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो आणि शिकवणारेच सांगतात, पुढच्याला हात लावू नकोस, पडशील. अरे, मग थांबणार कसा तो? स्पीड दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं, हे लेखी परीक्षेत का नाही येत? तिथे चिन्हं ओळखा, नियम सांगा, झालं. आणि हेल्मेट! हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबतोय, पहिल्या धक्क्याला ते उडून जाणार, पण तपासणाऱ्याला डोक्यावर काहीतरी दिसलं की पुरे. वर सगळे बोलणार, नवी पोरं बेदरकार. अहो, शिकवलंय कोणी त्यांना? चाळीसच्या स्पीडला खरा ब्रेक मारायला लावा, नाही जमलं तर सरळ नापास करा, येऊ दे परत!