आयन, आयर्न आणि एक रफार

गोव्यातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा एक संदेश म्हणतो की, घरातल्या सौर विजेसाठी घेतलेली लिथियमची बॅटरी आपल्या दमट हवेत स्कूटरसारखी पेट घेते, तिच्या किमतीत अ‍ॅसिडच्या चार बॅटऱ्या येतात आणि पावसाळ्यात ऊनच नसल्याने ती निरुपयोगी ठरते.

2022 च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या काही स्कूटरी जळाल्या हे खरे आहे. मात्र ‘लिथियम आयन’ हे साऱ्या कुळाचे नाव असून ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’ ही त्यातली एक शाखा आहे. मराठीत लिहिताना फरक एका रफाराचा दिसत असला, तरी रसायन वेगळे आहे. वजन कमी ठेवण्यासाठी वाहनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमधून अति तापल्यावर प्राणवायू सुटतो आणि आग स्वतःलाच खतपाणी घालते. घरगुती साठवणीत आता बहुधा आयर्न फॉस्फेट असते. त्यातला प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने ते सेल बरेच जास्त तापमान सोसतात. ते कधीच जळणार नाहीत असे मात्र नव्हे, म्हणून बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास बॅटरी बंद करणारे सर्किट, नसलेला स्वस्त पॅक घेऊ नये. दमटपणाचे म्हणाल, तर खारा वारा बंद सेलपेक्षा टर्मिनल आणि इन्व्हर्टरचे सर्किट आधी खातो. तेव्हा बॅटरी समुद्राकडच्या सोप्यात नको, आणि तापणाऱ्या पत्र्याखालीही नको. गंमत अशी की, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी अ‍ॅसिडची बॅटरी वर्षानुवर्षे जिन्याखाली ठेवताना कोणाला भीती वाटली नाही.

किमतीचा हिशेब संदेशात अर्धाच सोडला आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला सहसा जोडतात त्या अ‍ॅसिडच्या बॅटरीत 1.8 युनिट वीज मावते, पण तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच, म्हणजे 0.9 युनिट वापरावी लागते. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या आयर्न फॉस्फेट पॅकमधून 80 टक्के वापर धरला, तरी 4.1 युनिट मिळतात. म्हणजे त्या चार बॅटऱ्यासुद्धा बरोबरीला कमीच पडतात. शिवाय त्यांत डिस्टिल्ड वॉटर घाला, टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी खरवडा आणि त्या संपल्या की पुन्हा नव्या आणा, हे चक्र चालूच राहते. छपरावरच्या सौर पॅनेलसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतले 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान बॅटरीवर मिळत नाही, हेही हिशेबात धरावे. ज्यांच्याकडे वीज महिन्यातून अर्धा तास जाते, त्यांना ट्युब्युलर पुरते, हे मी मान्य करतो.

पावसाळ्यात पॅनेलमधून वीज कमी येते, पण हायब्रिड इन्व्हर्टर तीच बॅटरी वीजखात्याच्या लाइनवरूनही भरतो. उलट बॅटरीविना बसवलेला साधा ग्रिड-जोड, म्हणजे थेट लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद पडतो, कारण तसे झाले नाही तर आपल्या छपरावरची वीज खांबावर चढलेल्या लाइनमनला धक्का देईल. त्यामुळे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तारेवर झाड पडले, पाऊस उघडला आणि दुपारी लख्ख ऊन पडले, तरी छपरावर पॅनेल असलेल्या घरातला पंखा थांबलेलाच असतो.