‘स्वभावाला औषध नाही’ असे मानसशास्त्र म्हणत नाही

‘मानसशास्त्राने सिद्ध केले आहे’ अशा मथळ्याने फिरणारा एक संदेश गेल्या आठवड्यात देवगडला आमच्या काकांपर्यंत पोहोचला आणि आंब्याची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबाला यंदा बागेतला मांगर राहायला द्यायचा नाही असे त्यांनी ठरवून टाकले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे की, परक्या माणसाची नावड जन्मजात असते, स्वभावाला औषध नाही, त्यामुळे ओळख वाढवून उपयोग नाही. कोकणी माणूस मुळातच परक्याला न मानणारा आहे. आणि ज्यांना परके चालतात त्यांना आपल्या मातीचे प्रेम नसते.

यातले अर्धे सत्य नाइलाजाने मान्य करतो. सिब्ली आणि डकिट या संशोधकांनी २००८ मध्ये ७१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नव्या अनुभवांची ओढ आणि मनमिळाऊपणा ज्यांच्यात अधिक, त्यांच्यात पूर्वग्रह सरासरीने कमी आढळला. पण सरासरी म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे.

खरा घातक मुद्दा ओळखीचा आहे, आणि तो साफ खोटा आहे. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये तब्बल ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्यक्ष संपर्क आला की पूर्वग्रह सहसा कमी होतो, असे त्यातून दिसले. मोकळ्या मनाचेच लोक आपणहून मिसळत असतील, ही शंकाही त्यांनी तपासली होती आणि ज्यांना मिसळण्यावाचून पर्यायच नव्हता त्यांच्यातही हा परिणाम आढळला. आमच्या काकू पहिल्या वर्षी विहिरीवरची दोरी काढून घरात ठेवत असत. चौथ्या वर्षी त्या राखणदाराच्या बायकोलाच अढीतले आंबे निवडायला शेजारी बसवू लागल्या. त्यांचा संशयी स्वभाव गेलेला नाही, पेट्या त्या अजूनही दोनदा मोजतात. बदलले ते त्या बाईविषयीचे मत.

कोकणी स्वभावाबद्दल एवढेच सांगतो की, अशा अभ्यासांतल्या चाचण्या एकेका माणसाचा स्वभाव मोजतात, जिल्ह्याचा नव्हे. शिवाय याच किनाऱ्यावर, रायगडात, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या राहिले व ‘शनवार तेली’ म्हणून गावाचेच झाले.

राहिले मातीचे प्रेम. मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत कलमांना जपणाऱ्या काकांनी या कुटुंबाला चार हंगाम मांगरात ठेवून घेतले, आणि त्यामुळे त्यांचा बागेवरचा जीव तसूभरही कमी झालेला मी पाहिलेला नाही.