सीएसआरचा पैसा आणि साखरेचा पैसा

मोठमोठ्या खाद्यपदार्थ कंपन्यांचे वार्षिक अहवाल आले की त्यातलं सीएसआरचं, म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून केलेल्या कामांचं, प्रकरण मी आवर्जून वाचते. शाळेला दिलेले संगणक, गावात खोदलेलं शेततळं, महिला बचत गटाचं प्रशिक्षण. ही कामं खरी असतात, त्यांचा लोकांना उपयोगही होतो. पण ती कंपनी जबाबदार आहे की नाही, हे त्या प्रकरणावरून कळत नाही असं माझं ठाम मत आहे. ते कळतं ती आपला कच्चा माल कसा विकत घेते त्यावरून.

आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. याच्या नियमांत एक अट आहे: कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातलं काम सीएसआर म्हणून धरता येत नाही. अट योग्यच आहे, नाहीतर धंद्याचाच खर्च समाजसेवा म्हणून दाखवला गेला असता. पण परिणाम असा होतो की शाळेची भिंत रंगवली तर ती हिशेबात येते, आणि ज्या मजुराच्या घामावर कंपनीचा माल तयार होतो त्याची मजुरी वाढवली तर ती येत नाही. मग तो मजूर सीएसआर विभागाच्या कक्षेत नसतो, आणि खरेदी विभागाला फक्त दर आणि दर्जा बघायचा असतो.

मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर या दोन व्यवस्थापनतज्ज्ञांनी २००६ आणि २०११ च्या लेखांतून मांडलं होतं की समाजाचं भलं आणि कंपनीचा फायदा एकाच व्यवहारात साधता येतो, वेगळ्या दानधर्माची गरज नाही. याला ते ‘शेअर्ड व्हॅल्यू’ म्हणतात. त्यांचं लाडकं उदाहरण पंजाबातल्या मोगाचं. नेस्लेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुधाचा कारखाना काढला. सुरुवातीला दूध घालणारे शेतकरी १८० च होते. कंपनीने गावोगावी दूध थंड ठेवायची सोय केली, जनावरांचे डॉक्टर पाठवले, चारापाण्याचं शिकवलं, आणि पुढे शेतकऱ्यांची संख्या हजारोंवर गेली. हे मला मान्य आहे. पण मोगात हे का जमलं, ते नीट बघायला हवं. दूध काही तासांत नासतं. गाय आजारी असेल तर दूध खराब येतं. म्हणजे दर्जा हवा असेल तर कंपनीला गोठ्यापर्यंत जावंच लागतं.

बटाट्याचंही तसंच. वेफरला साखर कमी असलेला ठरावीक वाणाचा बटाटा लागतो, म्हणून कंपनी बियाणं देते, भाव आधी बांधून देते. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर असे करार लोकांना नवे नाहीत. आणि तीच जवळीक उलटतेही. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावला म्हणून गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले, काहींवर एक कोटीहून अधिक रकमेचे. देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. शेतकरी कंपनीच्या गरजेत बसतो तोवर भागीदार, नाहीतर प्रतिवादी!

आता साखर घ्या. साखर नासत नाही. कोणत्या फडातला ऊस कोणी तोडला, हे साखरेच्या दाण्यावरून जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. म्हणून फडापर्यंत जाण्याची कंपनीला धंद्यापुरती काही गरजच पडत नाही. ‘शेअर्ड व्हॅल्यू’ इथे येऊन थांबते.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. बीड, नगर, जालन्याकडच्या. उघड्या माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. पहाटे अंधारातच कोयता चालू होतो. पुरुष तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी उचलते आणि एका अरुंद फळीवरून ट्रॉलीवर चढते. फळी प्रत्येक पावलाला लवते. पाच-सहा महिन्यांची पोटुशी बाईही चढते, कारण खाडा झाला की दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, जमा होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. जोडीने दिवसभर मरमर करून दोन टनांच्या आसपास ऊस निघतो. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. म्हणजे दोन माणसांची दिवसाची कमाई सातशेच्या आसपास, तीही आधी घेतलेल्या उचलीतून फिटायची.

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेने हाच धागा पुढे नेला: कर्जात अडकलेली मजुरी, कोवळ्या मुलींची लग्नं, ही शस्त्रक्रिया, आणि त्याच उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सिकोपर्यंत. विचारायला गेलं तर कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे, ठेकेदार मजूर आणणाऱ्या मुकादमाकडे. मजुराचा मालक म्हणून कागदावर कोणीच नसतं.

‘खर्च परवडणार नाही’ असं कोणी म्हणत असेल तर हिशेब मांडू. एक टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते. तोडणीचा दर टनाला तब्बल १०० रुपयांनी वाढवला, तरी साखर किलोमागे एक रुपयाने महागते. शीतपेयात १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत फार तर २८ ग्रॅम. त्या बाटलीवर बोजा पडतो तीन पैशांहून कमी. आणि देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात जात नाही, ती शीतपेयं, बिस्किटं, मिठाई, आइस्क्रीम करणाऱ्यांकडे जाते. इतके मोठे खरेदीदार एकत्र बसले तर कारखान्यांना ऐकावंच लागेल.

स्वेच्छेच्या आणाभाकांवर माझा विश्वास नाही. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये हार्किन-एंगेल करारात कोकोतली सर्वात वाईट बालमजुरी २००५ पर्यंत संपवायचं कबूल केलं होतं. मुदती पुढे पुढे ढकलल्या गेल्या. २०२० च्या अहवालात आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून १५.६ लाख मुलं कोकोच्या शेतीत राबताना आढळली.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती खरेदीच्या करारात लिहिलेली हवी. उचलीची लेखी पावती, तिच्यावर कारखान्याचीही सही. बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात. आजारपण, पाळी, बाळंतपण यांचा खाडा नाही. कोप्यांजवळ पाणी आणि संडास. या अटींचा वाढीव खर्च साखरेच्या दरात खरेदीदाराने द्यायचा, आणि तपासणी कारखान्याच्या गेटवर न थांबता फडात जाऊन, बायकांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलून करायची.

उचल पावसाळ्यातच वाटली जाते, त्यामुळे अट घालायची तर ती त्याआधी. तुमच्यापैकी कोणी अशा कंपनीत साखर खरेदी बघत असेल तर तुमच्या पुरवठादार करारात ऊसतोड मजुराचा उल्लेख आहे का, एवढं पाहून मला नक्की सांगा.